ढीग गार पडला म्हणजे खत झालं असं नव्हे: मुलुंडच्या एका मागच्या आवारातलं प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या आम्ही तिघींनी मागच्या हौदातून दोन-दोन घमेली खत नेलं. वरचा पाला बाजूला सारल्यावर आत काळसर, हलका माल होता. वास नव्हता, हात घातला तर गार लागत होता. खत झालं असणार असं वाटलं, आणि बाकीच्या दोघींना न्यायला मीच सांगितलं होतं.

पंधरा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तुळस खालच्या पानांपासून पिवळी पडायला लागली. थंडीत तुळस तशीही मरगळते, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग माझ्या कढीपत्त्याला फुटू लागलेली पालवी जागच्या जागी थांबली. तिसऱ्या घरी कुंडीत पाणी घातलं की ते वर तरंगायचं आणि कडेनं खाली निघून जायचं. तीन घरांत तीन तक्रारी झाल्या आणि तिन्हींची वाट एकाच हौदाकडे जात होती. तेव्हा माळीमामांना बोलावलं आणि एका शनिवारी सकाळी हौद पूर्ण उपसायचं ठरलं. त्या सकाळपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मुंबईत थंडीनंतर पुष्कळ सोसायट्यांच्या हौदांत हेच घडत असणार असं मला वाटतं.

जागा आणि ढीग

इमारत तीन मजली, चोवीस घरांची. मागे कंपाउंडच्या भिंतीलगत साधारण चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद पट्टा आहे. त्यात दोन नारळ, एक फणस, एक आंबा आणि एक देशी बदाम. शेजारच्या प्लॉटमधला पर्जन्यवृक्ष भिंतीवरून निम्मा आमच्याकडे झुकलेला आहे. पट्ट्याच्या टोकाला जाळीदार विटांचा चार फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच हौद आहे. चोवीस घरांचा ओला कचरा दिवसाला दहा-बारा किलोच्या आसपास भरतो.

महापालिकेनं २०१७ मध्ये ओला कचरा जागच्या जागी जिरवायला सांगितलं ते वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना. आमच्यासारख्या लहान इमारतीला ती सक्ती नव्हती. पण मुलुंडकरांना कचऱ्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. इथलं डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, त्याआधीची कित्येक वर्षं वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायची सवय आम्हाला होती. आता आमचा कचरा दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखाली जातो, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. हौद त्यातूनच उभा राहिला.

दिवाळीच्या सुमारास आधीचं खत काढून हौद रिकामा केला आणि नव्यानं भरायला घेतला. नोव्हेंबर-डिसेंबर छान गेले. जानेवारीत बदाम लाल होऊन झडायला लागला. आधीच्या वर्षी सकाळच्या गारठ्यात वॉचमनदादा या पानांची शेकोटी करायचे. त्या धुरावरून बरीच बोलाबोली झाली आणि यंदा पाला जाळायचा नाही असं ठरलं. हे ठरवलं ते योग्यच होतं. पण न जाळलेला पाला ठेवायचा कुठे, हे कोणी ठरवलं नाही, म्हणून रोज झाडलेली सगळी पानं हौदात जायला लागली. पाणी मारणंही बंद झालं. थंडीत ओल राहतेच, शिवाय गार पाण्यानं ढीग आणखी गारठेल, अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही होती.

मुंबईची थंडी ढिगाचं काय करते

खताबद्दल जे लिहिलेलं वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं बर्फ पडणाऱ्या मुलखातलं असतं. तिथे हिवाळ्यात ढीग गोठतो, जिवाणू झोपी जातात आणि वसंतात त्यांना जागं करावं लागतं. ते तिथल्यापुरतं खरं आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. मुलुंड डोंगराच्या कुशीत असल्यामुळे शहरापेक्षा जरा गार असतं, तरी पहाटेचे चौदा-पंधरा अंश म्हणजे इथे कडाक्याची थंडी. एवढ्यानं चार फुटी ढिगाचं पोट गार पडत नाही. खाणारे जीव, खायला माल आणि पाणी असेल तर तो स्वतःची ऊब स्वतः तयार करतो.

आपल्याकडे कमी पडतं ते पाणी. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा बराच वेळ जमिनीकडून येतो, आणि तो कोरडा असतो. ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळतात, दुपारची आर्द्रता कधी कधी तीस टक्क्यांच्याही खाली जाते. जाळीदार विटांचा हौद आपण हवा खेळावी म्हणून बांधतो. थंडीत तीच हवा चारी बाजूंनी ओल ओढून नेते. त्यात ढीग आतून तापलेला असेल तर तो वाफेच्या रूपानं स्वतःचंही पाणी घालवतो. ओलावा पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या खाली उतरला की जिवाणूंचं काम मंदावतं, त्याहून खाली गेला की थांबतं. ढीग गार पडतो, वास बंद होतो, चिलटं जातात. तयार खताची लक्षणंही नेमकी हीच असल्यामुळे आम्ही फसलो.

माळीमामा मालवणकडचे. गोठ्यामागचा उकिरडा पाहत वाढलेले. त्यांनी आत हात घातला, मूठ दाबली, माल बोटांतून भुरभुरत खाली पडला, आणि ते म्हणाले, "ताई, ह्येका तान लागली हा." म्हणजे याला तहान लागली आहे.

उपसल्यावर काय दिसलं

कोरडा ढीग एकदम फावड्यानं उकरू नये. त्यातली भुकटी आणि बुरशीचे कण नाकातोंडात जातात, दम्याच्या माणसाला ते बाधू शकतं. मामांनी आधी झारीनं वरून हलकं पाणी मारलं, आम्ही तोंडाला रुमाल बांधले, हातमोजे आणि गमबूट घातले, भिंतीलगत जुनी ताडपत्री पसरली आणि थराथरानं माल काढला.

वरचा फूटभर थर बदामाच्या आणि फणसाच्या पानांचा, जसा पडला तसाच. पानं एकमेकांवर बसून कौलांसारखी झाली होती. म्हणजे मध्ये कोणी चुकून पाणी मारलं असतं तरी ते आत न जाता कडेनं ओघळलं असतं. या थरात झुरळं होती, बाकी काही घडलं नव्हतं.

मधला दीड-पावणेदोन फूट म्हणजे आम्ही "खत" म्हणून नेलेला माल. त्यात जागोजाग राखेसारखी पांढरट-करडी भुकटी होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती राखच वाटते. ते ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या जिवाणूंचं काम असतं. ते असणं वाईट नाही, मातीचा जो ओळखीचा वास येतो तो त्यांच्याचमुळे. पण भरपूर करडी भुकटी आणि बाकी माल ठणठणीत कोरडा असेल, तर ढीग तापला आणि पाणी संपल्यामुळे अर्ध्यावर थांबला असं समजावं. याच थरात मटारची सालं अख्खी सापडली. डिसेंबर-जानेवारीत घरोघरी किलो-किलोनं मटार सोलले जातात. ओली असती तर ही सालं दहा-बारा दिवसांत दिसेनाशी झाली असती. इथे ती कागदासारखी वाळून बसली होती. लाल मुंग्यांचं मोठं वारूळ झालं होतं, आणि ढिगात मुंग्यांनी घर केलं की तिथे ओल नाही हे नक्की समजावं.

खालचा अर्धा फूट मात्र नेमका उलटा निघाला. काळा, चिकट आणि सडलेल्या अंड्यासारख्या वासाचा. नोव्हेंबरमधल्या कचऱ्याचं पाणी तळाशी उतरलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. भिंतीच्या बाजूनं घुशीनं बीळ काढलं होतं आणि उकरलेल्या मातीनं हौदाची खालची भोकं बुजली होती. तळाला हवा नाही, मधल्या थराला पाणी नाही, आणि वर पाल्याचं झाकण. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीही कळलं नसतं.

तुळस पिवळी का पडली तेही इथेच उलगडलं. अर्धवट कुजलेल्या पाल्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) थोडं असतं. तो कुंडीत गेला, रोजचं पाणी मिळालं, आणि थांबलेलं कुजणं कुंडीत पुन्हा सुरू झालं. त्यासाठी लागणारं नत्र जिवाणूंनी मातीतून उचललं, मुळांच्या वाट्याला काही उरलं नाही. आम्ही तिन्ही घरच्या कुंड्यांतला वरचा थर खरवडून काढला, मूठ-मूठ जुनं शेणखत घातलं. तुळस महिन्याभरात सावरली. कढीपत्त्यानं जरा जास्त वेळ घेतला.

पाण्याचा हिशोब

"चांगलं ओलं करा" असं सांगितलं की एक जण तांब्याभर शिंपडतो आणि दुसरा पाइप सोडून चहाला जातो. म्हणून या वेळी मोजून करायचं ठरवलं.

मधल्या कोरड्या थराची साठ घमेली निघाली. चार-पाच घमेली काट्यावर घातली, सरासरी चार किलो भरलं. म्हणजे एकूण दोनशे चाळीस किलोच्या आसपास. त्यातला एक किलो माल गच्चीवर कागदावर पातळ पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवला, रात्री आत घेतला. साडेसातशे ग्रॅम उरला. म्हणजे त्यात पाणी होतं सुमारे पंचवीस टक्के. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण आपल्या कामाला पुरते.

हवा होता पंचावन्न टक्के ओलावा. दोनशे चाळीस किलोत कोरडा भाग एकशे ऐंशी किलो. तो पंचेचाळीस टक्के धरला तर पूर्ण वजन चारशे किलो, म्हणजे पाणी दोनशे वीस किलो. त्यातलं साठ आधीच होतं, म्हणून वरून घालायचं एकशे साठ लिटर. पंधरा लिटरच्या जवळजवळ अकरा बादल्या. हा आकडा ऐकून सेक्रेटरी दचकले. आम्हीही दचकलो, कारण आमच्या मनात दोन-तीन बादल्यांचंच काम होतं.

मात्र नत्रासाठी साठेक किलो हिरवी भाजीही घालायची होती, आणि भाजीत पाचातले चार हिस्से पाणीच असतं. ते पन्नास लिटर वजा केले आणि आठ बादल्यांवर आलो. तेही एका दमात घालून चालत नाही. वाळलेला माल पाणी चटकन घेत नाही, अंगावरून घरंगळू देतो. तिसऱ्या घरच्या कुंडीत तेच झालं होतं. म्हणून शनिवारी चार बादल्या झारीनं थोड्या-थोड्या मारून माल उलथापालथ केला, गोणपाटानं झाकून रात्रभर मुरू दिला, आणि रविवारी थर लावताना उरलेल्या चार घातल्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पाच-सहा घरांनी साठवून दिलं, तेही यातच गेलं. शेवटी कसोटी मुठीचीच. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

पुन्हा रचला

रचण्याआधी निवडणं झालं. दुधाच्या पिशव्यांचे कातरलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे झेंडूच्या हारांचे दोरे. फुलं कुजून गेली होती, दोरे जसेच्या तसे गुंतून राहिले होते. पूर्वी हार सुती दोऱ्यात ओवायचे, आता नायलॉनचा दोरा सर्रास असतो. निर्माल्य ढिगासाठी उत्तम आहे, फक्त हार तोडून फुलं तेवढी टाकायची.

हौदाच्या तळाशी अर्धा इंची लोखंडी जाळी अंथरली, घुशीसाठी. विष घालायचा विषय निघाला होता. मी हट्टानं नको म्हटलं. आवारात दोन मांजरं आहेत, रात्री घुबड येतं, आणि विष खाल्लेली घूस ढिगातच मेली तर तो ढीग हातात घ्यायचा कोणी? घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा आजार मुंबईत दर पावसाळ्यात माणसं मारतो. म्हणून ज्या हौदात घूस दिसली आहे तिथे हातमोज्यांशिवाय हात घालायचा नाही, पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही, हे आम्ही हौदाशेजारी पाटीवर लिहून लावलं. शिजवलेलं अन्न आणि मासळीचे अवशेष तूर्त बंद केले. घूस त्यांच्याच वासानं येते.

जाळीवर नारळाच्या झावळ्यांचे देठ आणि शहाळ्यांच्या वाळक्या फोडी यांचा अर्धा फुटाचा थर दिला. शहाळी कुजायला फार वेळ घेतात, इथे त्यांचा उपयोग तळाला हवा खेळती ठेवायला. त्यावर पाळीपाळीनं ओला केलेला जुना माल, हिरवी भाजी आणि थोडा बारीक केलेला पाला. भाजीवाल्या मावशींकडून मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवर-कोबीची वरची पानं मिळाली. त्या रोज ती फेकूनच देतात. तबेल्यातून चार घमेली ताजं शेण आणलं. तळाचा आंबूस चिकटा एक दिवस सावलीत पातळ पसरून ठेवला होता. वास उडाल्यावर तोही थोडा थोडा करून मधल्या थरांत मिसळला. त्यात नत्र भरपूर असतं, तो फेकून देणं म्हणजे नुकसान.

कर्ब आणि नत्राचं प्रमाण वजनानं पंचवीस-तीसास एक असावं असं सांगतात. वाळक्या पाल्यात ते पन्नासच्या पुढे-मागे असतं, भाजीपाल्यात पंधरा-वीस, शेणात वीसच्या जवळपास. हौदापाशी उभं राहून हे कोणी मोजत नाही, आम्हीही मोजलं नाही. पाला कोणत्या झाडाचा आहे हे मात्र पाहावं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यांत आधी मुरतात. आंबा आणि फणसाची पानं जाड, मेणचट, ती अख्खी टाकली तर वर्षभर तशीच. बदामाची पानं मोठी, ओली झाली की एकमेकांना चिकटून पत्रे होतात. आम्ही ती पिंपात रात्रभर भिजवली आणि सकाळी कोयत्यानं तोडली. इमारतीतल्या मुलांनी उरलेली पायांनी तुडवून दिली, त्यांना हे काम फार आवडलं.

ताक-गुळाचं पाणी, विकतचं कल्चर (जिवाणूंची तयार पुडी), यावर बराच खल झाला. माझं मत स्पष्ट आहे: गरज नाही. ओल, हवा आणि नत्र असेल तर ढिगात आधीच असलेले जिवाणू दोन दिवसांत कामाला लागतात. यातलं काही कमी असेल तर कितीही महागाची पुडी टाकली तरी तीही उपाशीच राहते. आधीच्या खताचं उरलेलं अर्धं घमेलं विरजण म्हणून टाकलं, तेवढं पुरलं.

वरून ओलं गोणपाट घातलं, आणि पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा उभा केला. मार्चमध्ये एखाद्या दिवशी समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत येतच नाही, मुलुंडला तर तो तसाही उशिरा पोचतो. अशा अडतीस अंशांच्या दिवशी उघडा ढीग एका दुपारीत पुन्हा कोरडा होऊ शकतो.

ताप चढला, मग कलिंगडं आली

मी लांब दांड्याचा थर्मामीटर आणला होता. मामांचा भरवसा सळईवर. ढिगाच्या मध्यापर्यंत लोखंडी सळई खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची आणि मुठीत धरायची. धरवली नाही तर ढीग पेटला आहे. रविवारी संध्याकाळी एकतीस अंश होते. बुधवारी सकाळी बावन्न. शुक्रवारी एकसष्ट. सळई मामांनी लगेच सोडली आणि ते समाधानानं हसले. पहाटे गोणपाट उचललं की वाफ दिसायची. शाळेत निघालेली मुलं थांबून बघायची.

पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिलं की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात, म्हणून या टप्प्याला महत्त्व. पण ढिगाच्या कडा तेवढ्या तापत नाहीत. आठव्या दिवशी आकडा अठ्ठेचाळीसवर आल्यावर ढीग परतला, कडेचं आत आणि आतलं कडेला. पुन्हा सत्तावन्नपर्यंत चढला.

दुसऱ्यांदा परतायच्या आदल्या रात्री वरच्या मजल्यावर घरगुती कार्यक्रम होता. सकाळी हौदात वीसेक किलो कलिंगडाची सालं एका ठिकाणी ओतलेली. कोणी वाईट हेतूनं केलं नव्हतं, फळाची सालं ती, खतातच जायची. दोन दिवसांत आंबट वास सुटला, चिलटांचे ढग उठले, आणि तळमजल्यावरच्या घरातून रीतसर तक्रार आली की हौद बंद करा. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी हौदापासून पंधरा फुटांवर आहे, त्यांची बाजू खरी होती.

आम्ही त्याच संध्याकाळी सालं काढली, कोयत्यानं तुकडे केले, बाजूला राखून ठेवलेला कोरडा पाला तिपटीनं मिसळला आणि सगळं ढिगाच्या मध्यभागी गाडलं, वर चार बोटं जुनं खत. तिसऱ्या दिवशी वास गेला. त्या तक्रारीतून एक नियम निघाला तो आजही चालतो: ओला कचरा उघडा दिसता कामा नये, एक डबा ओल्यावर दोन डबे पाला, आणि पाच किलोच्या वर काही टाकायचं असेल तर आधी सांगायचं.

अळ्या

पहिल्या दिवशी उपसताना मधल्या आणि खालच्या थराच्या सीमेवर तीस-चाळीस पांढऱ्या अळ्या निघाल्या होत्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, काही तर अंगठ्याएवढ्या जाड. सगळे म्हणाले हुमणी. मामांनी वर नारळाकडे बोट दाखवलं. झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या व्ही आकारात कातरलेल्या होत्या. हे गेंड्या भुंग्याचं काम. तो माडाचा कोवळा कोंब पोखरतो, आणि अंडी घालतो शेणखताच्या खड्ड्यात, कुजक्या ओंडक्यात, किंवा आमच्यासारख्यांच्या न परतलेल्या ढिगात. आपण हौदात त्याची पिल्लावळ पोसत होतो आणि वर नारळ का धरत नाही म्हणून विचारत होतो.

हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण मुंबईत सोसायटीत नारळ असतोच आणि हौद बहुधा त्याच्याच बुंध्याशी असतो. अळ्या वेचून ताडपत्रीवर टाकल्या. कावळे आले, मग भारद्वाज आला, तासाभरात ताडपत्री साफ. साठ अंशांच्या ढिगात अळी टिकत नाही, त्यामुळे नीट तापणारा आणि वेळच्या वेळी परतला जाणारा ढीग हाच पहिला उपाय. ढीग निवल्यावर मेटारायझियम बुरशी पाण्यातून शिंपडली. ती कृषी सेवा केंद्रात मिळते आणि या अळीला रोग आणते. गरम ढिगात ती स्वतःच मरते, म्हणून ढीग निवण्याची वाट पाहावी लागते. एप्रिलमध्ये परतताना दोनच अळ्या दिसल्या.

मुरणं आणि तपासणं

मार्चअखेर परतूनही तापमान चाळीसच्या वर जाईना. ओल ठीक होती, वास मातीचा होता. या वेळी गार पडणं खरं होतं. तरी लगेच वापरलं नाही. माल हौदातून काढून फणसाखाली सावलीत दोन फूट उंचीचा ढीग केला आणि आठवड्याला एक झारी पाणी मारत पाच आठवडे मुरू दिला. गांडुळं आपली आपण आली.

मेच्या सुरुवातीला दोन चाचण्या केल्या. ओलसर खताची मूठ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस घरात ठेवली. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला असता तर कच्चं, मातीचा आला म्हणून पुढे गेलो. दुसरी मेथीची. एका डबीत निम्मं खत निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत वीस-वीस दाणे. चौथ्या दिवशी दोन्हीकडे सारखीच उगवण, आणि आठवड्यानं खताच्या डबीतली मेथी जास्त हिरवी. फेब्रुवारीत हीच चाचणी केली असती तर काकूंची तुळस पिवळी पडली नसती. मेथीचे चाळीस दाणे आणि आठ दिवस, एवढाच तिचा खर्च.

वाळूच्या पाव इंची चाळणीनं चाळून बावीस घमेली खत निघालं. चाळणीवर राहिलेले देठ, फणसाची पानं, करवंट्यांचे तुकडे नव्या ढिगाच्या तळाला गेले. मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून, त्याआधी आठवडाभर खत वाटून झालं. उशीर झाला असता तर उघड्यावरच्या खतातला कस पहिल्या सरींबरोबर गटारात गेला असता. ताडपत्री टाकावी तर तिच्या खळग्यांत पाणी साचून डासांची सोय होते.

पुढच्या थंडीसाठी

हौदाशेजारी तारेच्या जाळीचा वेगळा पिंजरा केला आहे, झाडलेला सगळा पाला त्यात. रोजच्या कचऱ्यावर तिथूनच दोन डबे घ्यायचे. जानेवारीत सांभाळून ठेवलेला पाला जुलैत सोन्यासारखा उपयोगी पडतो, तेव्हा कोरडं काही मिळतच नाही. दिवाळीनंतर दर रविवारी मूठ दाबून पाहायची आणि लागेल तसं, साधारण एक बादली, पाणी द्यायचं. संक्रांतीला एकदा ढीग परतायचा. महाशिवरात्रीच्या आसपास पूर्ण उपसायचा, म्हणजे पाडव्यापर्यंत तापून होतो आणि पावसाआधी मुरायला दोन महिने मिळतात. नारळाच्या बुंध्यापासून हौद हलवायचा ठराव झाला आहे, जागा अजून ठरलेली नाही.

घुशीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. तळाची जाळी तिनं ओलांडली नाही, पण नाल्याच्या बाजूनं भिंतीखाली नवं बीळ मेमध्ये दिसलं. मामांनी त्यात दगड आणि फुटक्या काचा ठासून सिमेंट भरलं. ऑगस्टमध्ये शेजारीच दुसरं उघडलं आहे. सध्या रोज सकाळी वॉचमनदादा तिथे नजर टाकतात.

आणि दोन घमेली खत मामांनी वाटपाआधीच बाजूला काढून ठेवलं होतं. काकूंची जुनी तुळस सावरली असली तरी तिच्या मंजिऱ्यांतून त्यांनी नवं रोप केलं होतं, ते त्याच खतात लावलं.